शिवधनुष्याचे वजन आणि विज्ञानकथेतली उधारी

पलूस तालुक्यातल्या एका तरुण लेखकाने आपल्या कथेचा खर्डा आणि त्यासोबत एक प्रश्न पाठवला आहे. कथा थोडक्यात अशी आहे: ऑगस्ट २०१९चा महापूर चढत असताना सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलाला आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर उद्याचे बातमीपत्र आजच ऐकू येऊ लागते आणि त्या बातम्यांच्या आधारे तो गल्लीतल्या माणसांना वाचवतो. एका स्पर्धेतून ही कथा ‘ही विज्ञानकथा नसून जादूची गोष्ट आहे’ असा शेरा घेऊन परत आली. लेखकाचे विचारणे असे, की भविष्यातून संदेश येणे अशक्यच असेल, तर कालप्रवासाच्या इतक्या कथा विज्ञानकथा म्हणून कशा खपतात; आणि खपत असतील, तर कथेत विज्ञान किती व कल्पना किती असावी, याचे काही प्रमाण ठरलेले आहे काय.

मी सांगलीत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्याच काळात विज्ञानकथा लिहिल्या आणि निवृत्तीनंतर नवोदितांचे खर्डे वाचण्याचा उद्योग मागे लावून घेतला. हा खर्डा मी दोनदा वाचला. परीक्षकांचा शेरा मला मान्य आहे. मात्र त्याचे कारण त्यांनी दिलेले नाही आणि लेखकाने मनाशी जे कारण धरले आहे ते चुकीचे आहे. उद्याचे बातमीपत्र आज ऐकू आले, एवढ्याने ही कथा जादूची होत नाही. ती जादूची होते नवव्या पानावर, जिथे एक लोभी व्यापारी मुलाच्या हातून ट्रान्झिस्टर हिसकावून घेतो आणि त्याच्या हातात त्यातून नुसती खरखर ऐकू येते, कारण ‘ज्याचे मन निर्मळ, त्यालाच उद्याचा आवाज ऐकू येतो’ असे आजोबांनी सांगून ठेवलेले असते.

हा मुद्दा सांगलीकराला समजावून देण्यासाठी लांब जावे लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावात, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, सीतास्वयंवराचे आख्यान रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ आपण तिथून मोजतो. त्या आख्यानाच्या केंद्रस्थानी एक वस्तू आहे, ती म्हणजे शिवधनुष्य. वाल्मीकी रामायणात ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून पाच हजार माणसे ओढत आणतात. आपल्याकडच्या कीर्तनांत लहानगी सीता त्याचा घोडा करून खेळते, रावण ते उचलायला जातो आणि त्याच्याखाली सापडतो, राम ते सहज उचलून मोडतो. या धनुष्याचे वजन किती, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण त्याला ठरावीक वजनच नाही. उचलणारा कोण, हे पाहून ते जड किंवा हलके होते. ते धनुष्य माणूस ओळखते. अद्भुतकथेतला नियम असाच माणसाची पात्रता, त्याचे पापपुण्य, त्याला मिळालेला वर किंवा शाप पाहून वागतो. विज्ञानकथेतल्या नियमाला माणूस दिसत नाही. तिथे वीस किलोचे धनुष्य रामालाही वीस किलोचे आणि रावणालाही वीस किलोचे. ज्याच्या दंडात बळ असेल त्याने ते उचलावे.

अद्भुतकथेत नियमच नसतात, असा एक समज आहे आणि तो खरा नाही. हिरण्यकशिपूचा वर एखाद्या कसलेल्या वकिलाने लिहिलेल्या करारासारखा आहे: दिवसा नको आणि रात्री नको, घरात नको आणि बाहेर नको, माणसाकडून नको आणि पशूकडून नको. नरसिंहाला त्या कराराच्या कलमाकलमांमधून वाट काढावी लागते, करार मोडता येत नाही. शापाला उःशाप असतो, मंत्राला जप आणि विधी असतात. नियमांची शिस्त दोन्हीकडे सारखीच कडक आहे. नियम कोणाच्या बाजूने उभा राहतो, एवढ्यात फरक आहे. म्हणून अद्भुतकथेला मी खालच्या पायरीवर बसवत नाही. लेखकाला मुलाच्या निर्मळ मनाचीच गोष्ट सांगायची असेल, तर त्याने ती खुशाल अद्भुतकथा म्हणून लिहावी, पिंपळावरच्या मुंजाने ट्रान्झिस्टर दिला असे लिहावे. मी आवडीने वाचेन. पण पहिली आठ पाने व्हॉल्व्ह, कॉइल आणि तरंगलांबी यांच्या भाषेत बोलायचे आणि नवव्या पानावर मन निर्मळ आहे की नाही ते तपासायचे, ही वाचकाची फसवणूक आहे. (ट्रान्झिस्टर संचात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओंतल्या काचेच्या नळ्या, नसतात, ही दुरुस्तीही जाता जाता नोंदवून घ्यावी.)

नवव्या पानावरचा व्यापारी लेखकाने वाया घालवला, याचे मला विशेष वाईट वाटले. त्याला उद्याच्या बातम्या ऐकू येऊ द्या आणि पुढे काय होते ते पाहा. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतली पेवे आहेत. २००५च्या पुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांची हानी झाली आणि आता मोजकीच वापरात राहिली आहेत. या व्यापाऱ्याची हळद अशा एका पेवात आहे असे धरा. पाणी कुठवर चढणार हे त्याला आदल्या दिवशी कळले, की तो पहिल्यांदा गावातले दोन ट्रॅक्टर भाड्याने अडकवून ठेवील, आणि त्याच ट्रॅक्टरांवर मुलाला गल्लीतली म्हातारी माणसे हलवायची आहेत. पेव उघडले की लगेच आत उतरता येत नाही, कारण बंद पेवात प्राणवायू कमी झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. ते काही काळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढा वेळ तर हाताशी नाही. व्यापाऱ्याला घाई आहे, हमाल बिचकत आहेत, मुलगा ट्रॅक्टरच्या चालकाला विनवतो आहे. रेडिओ दोघांना सारखाच ऐकू येतो, म्हणूनच हा पेच उभा राहतो. रेडिओने मुलाची बाजू घेतली, त्या क्षणी कथेतला सगळा झगडा संपला आणि उरला तो उपदेश.

आता मूळ गृहीतकाकडे, म्हणजे उद्याचा संदेश आज येण्याकडे वळतो. खर्डे वाचताना मी याला उधारी म्हणतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने निसर्गाच्या दुकानातून एखादी वस्तू उधारीवर उचलायला हरकत नाही. ती उधारी वहीत लिहिलेली असावी, शक्यतो एकच असावी, आणि तिच्यापोटी होणारा सगळा खर्च कथेत चुकता झालेला दिसावा. हा विचार मूळचा माझा नाही. एच. जी. वेल्स यांनी १९३३ साली आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत याच आशयाचे म्हटले आहे: एक अशक्य गोष्ट वाचकाच्या गळी उतरवून घ्यावी आणि त्यानंतरचे सगळे जग त्याच्या घरच्यासारखे, ओळखीचे ठेवावे. वेल्स ज्यूल व्हर्नपेक्षा कमी शास्त्रशुद्ध, असे आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. व्हर्न यांना स्वतःलाही तसे वाटत असे. १९०३च्या एका मुलाखतीत त्यांनी कुरकुर केली होती, की मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ गुरुत्वाकर्षण अडवणारा धातू सरळ कल्पनेतून काढतो. तो धातू मला दाखवावा.

मी वर्गात या वादाचा हिशेब फळ्यावर मांडत असे. व्हर्नच्या १८६५ सालच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीची तोफ आहे आणि तिच्यातून तीन माणसे बसलेला गोळा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. वेगाचा वर्ग करून त्याला दुप्पट लांबीने भागले, की नळीच्या आतले सरासरी त्वरण मिळते आणि ते गुरुत्वीय त्वरणाच्या बावीस हजार पटींहून अधिक भरतो. सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागापुरते ६० किलोच्या प्रवाशाचे वजन १,३०० टनांच्या वर जाते. आमच्या मुलांना टन म्हटले की ऊस आठवतो. म्हणून मी सांगत असे, की कारखान्याच्या काट्यावर उभे असलेले उसाचे साठ-पासष्ट भरलेले ट्रक एकावर एक रचून त्या माणसाच्या अंगावर ठेवा. धक्का सोसण्यासाठी व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर घातला आहे, पण त्याने काही भागत नाही. प्रवासी चंद्राकडे निघण्यापूर्वीच तळाशी सारवण झालेले असतील. वेल्सचा धातू मुळातच अशक्य आहे, हे लेखकालाही ठाऊक आहे आणि वाचकालाही. ती उघड उधारी आहे आणि त्या धातूचे पुढचे परिणाम त्याने जबाबदारीने मांडले आहेत. व्हर्नची तोफ रोखीच्या व्यवहारासारखी दिसते आणि आकडे मांडले की तूट निघते. यावरून व्हर्न लहान ठरत नाही, त्याच्याइतकी आकडेमोड त्याच्या काळात कथेसाठी कोण करत होते? पण कोणती कथा जास्त ‘शास्त्रीय’, हे यंत्राच्या दिसण्यावरून ठरवू नये, एवढे तरी यातून कळते.

परिणाम मांडणे म्हणजे काय, ते अदृश्यतेच्या उदाहरणातून चटकन कळेल. आजीच्या गोष्टीत राजपुत्र जादूची टोपी घालतो आणि अदृश्य होतो. त्याच्या अंगरख्याचे काय झाले, त्याने खाल्लेली भाकरी पोटात दिसली का, असे कुणी विचारत नाही. वेल्सच्या १८९७च्या कादंबरीतला अदृश्य माणूस मात्र कपडे घालू शकत नाही, कारण अदृश्य झाले आहे ते फक्त त्याचे शरीर. म्हणून तो लंडनच्या थंडीत उघडा हिंडतो, खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत बाहेरून दिसते, बर्फात पावले उमटतात. उधारी एकच आहे आणि तिच्यामागून शिंका, भूक, थंडी, कुत्र्यांचे भुंकणे असा सगळा खर्च रांगेने येतो. त्यात एक मोठी तूट राहिलीच: डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषल्याशिवाय दिसणे शक्य नाही, आणि पूर्ण पारदर्शक डोळ्याचा पडदा प्रकाश शोषणार नाही, म्हणजे हा माणूस ठार आंधळा असायला हवा. रशियन लेखक याकोव्ह पेरेलमान यांनी हे फार छान दाखवून दिले आहे. तरीही कथा पडत नाही, कारण बाकीचा हिशेब इतका चोख ठेवला आहे की वाचक ही एक तूट सोडून देतो.

उधारी आणि चूक यांत मात्र गल्लत करू नये. माझ्या पहिल्याच छापून आलेल्या कथेत मी एक संदेशवाहक उपग्रह सांगलीच्या बरोबर डोक्यावर, आकाशात कायम स्थिर ठेवला होता. पंधरा दिवसांत इस्लामपूरच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर साधारण असा होता, की सर, स्थिर दिसणारा उपग्रह फक्त विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर राहू शकतो. आपण सांगलीकर जवळजवळ १७ अंश उत्तरेला आहोत, तेव्हा गच्चीवर जाऊन केबलवाल्याच्या थाळीचे तोंड कुणीकडे आहे ते एकदा पाहून यावे. मी खरोखर गच्चीवर जाऊन पाहिले. थाळी दक्षिणेच्या बाजूला कलून बसली होती आणि मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. त्या कथेत परग्रहावरून आलेला एक प्राणीही होता, त्याच्याबद्दल त्या वाचकाची काडीचीही तक्रार नव्हती. परग्रहवासी ही मी मागून घेतलेली सूट होती. उपग्रह हे माझे अज्ञान होते, आणि वाचक त्याला माफी देत नाही. द्यावी तरी का?

उद्याचा संदेश आज येणे ही उधारी कितपत मोठी आहे? भविष्याकडे झुकलेला कालप्रवास तर उधारीही नाही, तो रोजचा व्यवहार आहे. वातावरणात वर पंधराएक किलोमीटरांवर वैश्विक किरणांमुळे जन्मणारे म्युऑन कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही ते ६६० मीटरच कापतील, तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण वेगामुळे त्यांचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंदावलेले असते. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकराएक किलोमीटरची चूक साठेल. भूतकाळाकडे जाण्याची गोष्ट निराळी आहे. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांचे असे एक उत्तर शोधले, की त्या विश्वात निघालेला प्रवासी स्वतःच्या भूतकाळात परत येऊ शकतो. आपले विश्व तसे नाही, पण समीकरणांची त्याला ना नाही. १९८८ साली भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमिविवरांतून, म्हणजे अवकाशातल्या दूरच्या दोन जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्यांतून, हे कसे साधेल याचे गणित मांडले, तर १९९२ साली स्टीफन हॉकिंग यांनी, निसर्ग अशा युक्त्या घडूच देत नसावा, असा तर्क मांडला. तो तर्कच आहे, सिद्धता नाही. दार अडवलेले दिसते, पण त्याला कुलूप घातल्याचे कुणी दाखवलेले नाही. विज्ञानकथाकाराला उभे राहायला एवढी फट पुरते. याउलट बिनइंधनाचे अखंड चालणारे यंत्र घेतले तर तिथे कुलूपही आहे आणि त्यावर लाखेची मोहोरही. ती उधारी घ्यायची, तर संपूर्ण कथाच त्या एका मोडलेल्या नियमाची असावी लागेल.

आणि नेमकी तीच, बिनइंधनाच्या यंत्राची उधारी या खर्ड्यात नकळत घेतली गेली आहे. गावातली वीज जाते, दुकाने बंद पडतात, आणि ट्रान्झिस्टर अकरा दिवस त्याच सेलांवर, दिवसरात्र, पूर्ण आवाजात चालतो. ही दुसरी उधारी आहे आणि ती वहीत लिहिलेलीच नाही. खरे तर सेल हाच या कथेचा उत्तम पुरवठादार होऊ शकला असता. सेल उतरत आले की आवाज आधी बारीक होतो, मग चिरका येतो. आपल्या घरांत अशा वेळी ते काढून उन्हात ठेवायची पद्धत होती, आणि ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते आणि सेल थोडा वेळ आणखी ओढतो. ऑगस्टच्या त्या आठवड्यात ऊन कुठून आणणार? मुलगा सेल कापडात गुंडाळून काखेत धरून बसला आहे, उद्याच्या बातम्यांना वीस मिनिटे आहेत, हे दृश्य मला या खर्ड्यात हवे होते.

मुलाने घेतलेली खात्रीही अपुरी आहे. पहिल्यांदा उद्याची तारीख ऐकू आल्यावर तो तडक विश्वास ठेवतो. बारावी शास्त्राचा मुलगा असे करील? त्याला आधी वाटेल की निवेदकाची चूक झाली. मग वाटेल की रात्री दूरची केंद्रे लागतात तसे काही असेल, कारण मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषल्या जातात आणि रात्री परावर्तित होऊन लांबवर पोचतात. तो ही शंका तपासू शकतो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक काळी दांडी असते, तिच्यावर तारेचे वेटोळे असते, आणि ती दांडी केंद्राच्या दिशेला रोखली गेली की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. संच हळूहळू फिरवून केंद्र कोणत्या रेषेत आहे ते कळते. मुलाने चौकटीच्या फरशीवर खडूने दोन रेघा माराव्यात, एक आजच्या बातम्यांची आणि दुसरी उद्याच्या. रेघा जुळल्या तर संदेश त्याच मनोऱ्यावरून येतो आहे. न जुळल्या तर कथेला एक नवीच दिशा मिळाली. वाचकाचा विश्वास बसतो तो मोठमोठ्या संज्ञांनी बसत नाही. पात्र शंका घेते आणि घरात मिळेल त्या साधनाने ती तपासते, तेव्हा वाचक त्याच्या शेजारी येऊन बसतो.

नदीबद्दल थोडे, कारण नदी हा भाग अगदी घरचा आहे आणि तिथे चूक झाली तर सांगलीत कोणीही पकडील. खर्ड्यात कोयनेचे दरवाजे उघडल्यावर तासाभरात आयर्विन पुलाजवळ दहा फूट पाणी चढते. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि मग बहे, भिलवडी, औदुंबर असे वळत वळत सांगलीला येते. पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर तासाला सव्वासात किलोमीटर होतात. कऱ्हाड-सांगली अंतर रस्त्यानेच सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे आणि नदीच्या वळणांनी ते आणखी वाढते. पुराची लाट पाण्याच्या कणांपेक्षा काहीशी लवकर पुढे सरकते हे जमेस धरले, तरी तासाचा हिशेब बसत नाही. पाणी इंचाइंचाने, रात्रभर, पायरीपायरीने चढते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. ज्यांनी ते पाहिले त्यांना या मंद चढण्याची भीती ठाऊक आहे. तिला चित्रपटातल्या लाटेसारखे धावायला लावून लेखकाने आपल्याच कथेची धार घालवली आहे.

खरी कारणे कल्पनेपेक्षा अनेकदा जास्त कथा देतात. काही वर्षांपूर्वी पाटणकडच्या एका लेखिकेचा खर्डा आला होता, त्यात कोयना धरणाच्या तळाखाली परग्रहवासीयांचे एक यंत्र पुरलेले असते आणि त्याच्या घरघरीने भूकंप होतात. मी त्यांना ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेबद्दल पुन्हा वाचायला सुचवले. १९६२च्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि त्यानंतर त्या शांत मानल्या गेलेल्या प्रदेशात धक्के जाणवू लागले. त्या पहाटेच्या मोठ्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांतून खोलवर मुरत जाणारा पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाला, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या मोठ्या तड्याला, ढकलले, असे आज मानले जाते, आणि आजही तिथले धक्के पाण्याच्या पातळीतल्या चढउताराशी जोडलेले आढळतात. याच अभ्यासासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. वरचा सव्वा किलोमीटरचा बेसाल्ट संपल्यावर खाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. माणसाने अडवलेले पाणी जमिनीखालच्या जुन्या जखमेपर्यंत पोचते, याहून भयंकर यंत्र कोणते परग्रहवासी पुरणार होते? लेखिकेने यंत्र काढून टाकले आणि जलाशयाची पातळी रोज नोंदवणारा एक कर्मचारी नायक केला. कथा निम्म्याने लहान झाली आणि मला वाटते दुपटीने चांगली.

एक सूट मात्र काळानुसार बदलते, हे प्रमाण विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे. १८७७ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या, त्या कालवे आहेत असे पुढे अनेकांनी मानले, आणि त्या भरवशावर कितीतरी मंगळकथा लिहिल्या गेल्या. १९६५ साली मरिनर ४ या अवकाशयानाने खड्ड्यांनी भरलेल्या ओसाड जमिनीची छायाचित्रे पाठवली. त्या कथा त्या दिवशी अद्भुतकथा झाल्या नाहीत. त्यांच्या काळच्या ज्ञानाशी त्या प्रामाणिक होत्या. आज कुणी कालवे लिहिले तर ते चालणार नाही. मराठीत १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने जयंत नारळीकरांनी पाठवलेली पहिली कथा कृष्णविवराची होती, तेव्हा कृष्णविवराचे छायाचित्र कुणी पाहिलेले नव्हते. ते २०१९ साली आले. ज्ञान कथेच्या मागून येते, कधी तिला खरे ठरवते, कधी खोटे. लेखकाच्या हाती एवढेच, की लिहिण्याच्या दिवशी जे ठाऊक आहे ते ठाऊक असावे.

आता या कथेतली सर्वांत अवघड गाठ. मुलाने ऐकले की उद्या अमुक गल्लीत भिंत कोसळून तिघे गेले. त्याने त्या तिघांना आधीच हलवले. मग उद्याच्या बातमीपत्रात ती बातमी येणार नाही, आणि येणार नसेल तर त्याने आज ऐकले काय? खर्ड्यात लेखक हा प्रश्न टाळून पुढे जातो, आणि वाचक तिथेच थांबतो. यातून सुटण्याचे दोन मार्ग मला मानवतात. इतिहासाला फाटे फुटतात आणि मुलगा एका फाट्यावरून दुसऱ्यावर जातो, असे मानता येईल. हा मार्ग सोपा आहे, पण मग पहिल्या फाट्यावरची ती तीन माणसे मेलीच, हे मुलाला आयुष्यभर ठाऊक राहील, आणि लेखकाने ते ओझे त्याच्या खांद्यावर ठेवले पाहिजे. दुसऱ्या मार्गात काळ एकच असतो आणि जे ऐकले ते घडतेच, काही केल्या बदलत नाही. भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी सुसंगतीचे जे तत्त्व मांडले ते याच वळणाचे आहे. हा मार्ग पहिल्यांदा निराशाजनक वाटतो, मुलगा मग करणार काय? पण बातमीपत्र दहा मिनिटांचे असते. त्यात पाण्याची पातळी येते, बंद झालेले रस्ते येतात, मंत्र्यांचा दौरा येतो. मागच्या बोळातली एकटी राहणारी शिवणकाम करणारी बाई त्यात येत नाही, गोठ्यात बांधलेली म्हैस येत नाही, चौथ्या घरातला अंथरुणाला खिळलेला माणूस येत नाही. जे सांगितले गेले ते बांधलेले आहे. जे सांगायचे राहिले ते अजून मोकळे आहे. मुलाला हे कळण्याचा क्षण कथेच्या मध्यावर आणा. त्यानंतर तो बातम्या ऐकेल त्या वगळलेल्यांची यादी करण्यासाठी, आणि निवेदकाने चुकून जरी त्या बोळाचे नाव घेतले तरी त्याच्या पोटात गोळा येईल.

सुधारित खर्डा पाठवाल तेव्हा निर्मळ मनाचे वाक्य गाळलेले असावे, व्यापाऱ्याला ऐकू येत असावे, आणि ट्रान्झिस्टरला सेल किती लागतात व घरात किती शिल्लक आहेत, हे पहिल्याच पानावर येऊ द्यावे.